कोपरखैरण्याचं खैरणे कसं झालं

महाप्यातल्या ऑफिसात एकदा ग्राहकांच्या पत्त्यांची मोठी एक्सएमएल (माहिती टॅग नावाच्या खुणांमध्ये गुंडाळून ठेवायची पद्धत) फाइल वाचून डेटाबेसात भरायची होती. सगळं भरलं, फक्त एका पत्त्यातलं ‘कोपरखैरणे’ नुसतं ‘खैरणे’ होऊन बसलं. खैरणेही इथलंच, एमआयडीसीच्या पट्ट्यातलं. त्यामुळे आठवडाभर कुणाला शंकासुद्धा आली नाही. चूक माझ्या कॉलबॅकची, म्हणजे फाइल वाचणारा प्रोग्राम ज्याला हाक मारतो त्या माझ्या फंक्शनची होती, पण तिची मुळं १९९८ पर्यंत जातात.

एक्सएमएलची शिफारस, म्हणजे अधिकृत प्रमाण, १० फेब्रुवारी १९९८ ला जाहीर झाली, पण जावा भाषेतले पार्सर, म्हणजे अशी फाइल वाचून तिचे भाग सुटे करणारे प्रोग्राम, त्याआधीच वापरात होते : टिम ब्रे यांचा लार्क, डेव्हिड मेगिन्सन यांचा एल्फ्रेड. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. पीटर मरे-रस्ट हे रसायनशास्त्रज्ञ जम्बो नावाचा प्रोग्राम लिहीत होते आणि दर पार्सरसाठी वेगळा जोडकोड लिहून वैतागले होते. सगळ्यांसाठी एकच इंटरफेस, म्हणजे जोडणीची ठरलेली रीत हवी, असं त्यांनी डिसेंबर १९९७ मध्ये सुचवलं. मेगिन्सननी सूत्रं हाती घेतली आणि ११ मे १९९८ ला हा सामाईक इंटरफेस सॅक्स १.० या नावाने आला.

ठाण्याहून वाशीच्या लोकलमध्ये बसलं की कानावर येतं, पुढील स्टेशन दिघा गाव, मग ऐरोली, मग रबाळे, मग घणसोली. सॅक्स असंच चालतं. टॅग उघडला की एक हाक, मजकूर आला की दुसरी, टॅग मिटला की तिसरी. मागे काय गेलं ते पार्सर सांगत नाही, आपण लक्षात ठेवायचं. अख्ख्या फाइलचं झाड मेमरीत उभं करणारं डॉम ऑक्टोबर १९९८ मध्ये प्रमाण झालं, पण मोठ्या फाइलला ते परवडत नाही.

लक्षात ठेवायचं ते ठेवायचं कुठे? खरी गोम इथेच आहे. जेम्स क्लार्क यांचा एक्सपॅट हा पार्सर सी भाषेतला. त्यात फंक्शन नोंदवायचं आणि सोबत एक बिनप्रकाराचा पॉइंटर (मेमरीतला पत्ता) द्यायचा. दर हाकेला तो परत मिळतो. सी++ वाले त्यातच ऑब्जेक्टचा पत्ता लपवत. एक्सपॅटवर बेतलेल्या पीएचपीच्या जुन्या पार्सरला ऑब्जेक्ट चिकटवण्यासाठी वेगळं फंक्शनच होतं, ८.४ आवृत्तीत ते कालबाह्य ठरवलं गेलं. जावात फंक्शन-पॉइंटर नव्हतेच, म्हणून सॅक्सने हाका झेलणाऱ्या हँडलरचा इंटरफेस दिला : आठवण ऑब्जेक्टच्या फील्डमध्ये, हाका त्याच्या मेथडना. सोबत रिकाम्या मेथडचा एक मूळ क्लासही दिला. माझ्या मते त्या सोयीनेच घोळ झाला. जो तो त्यावरून एकच क्लास काढी आणि टॅगच्या नावांची हातभर इफ-एल्सची माळ ओवी. पुढे स्ट्रट्स या जावाच्या वेब-चौकटीतून निघालेल्या डायजेस्टर या लायब्ररीने टॅगच्या वाटेगणिक नियम आणि ऑब्जेक्टचा स्टॅक (चळत) आणला, तेव्हा जरा शिस्त आली. मे २००० च्या सॅक्स २ मध्ये नेमस्पेस (टॅगच्या नावांची गटवारी) आले, इंटरफेसची नावं बदलली, पण हाकांची रीत तीच.

आणि मजकुराच्या हाकेचा करारही तोच. पार्सर स्वतःचा बफर (मजकुराचा तात्पुरता साठा), सुरुवात आणि लांबी एवढंच आपल्या हातात ठेवतो. एका एलिमेंटचा मजकूर किती तुकड्यांत द्यायचा, ही त्याची मर्जी. माझ्या फाइलमध्ये बफर नेमका ‘कोपर’पाशी संपला. मी दर हाकेला फील्डमध्ये नवा मजकूर भरत होतो, म्हणून दुसऱ्या तुकड्याने पहिला पुसला. आता तुकडे जोडत जातो आणि टॅग मिटल्यावरच पत्ता उचलतो.