‘पित्त उठलं’ म्हणतो ते काय?

अंगावर लालसर, खाज सुटणारे फुगवटे आले की मराठीत ते दोन तऱ्हांनी सांगतात: ‘गांधी उठल्या’ किंवा ‘पित्त उठलं’. पहिल्या शब्दात डोळ्यांना दिसते तेवढेच आहे. दुसऱ्यात कारणही सांगून टाकले आहे, आणि गोंधळ तिथेच होतो.

हे ‘पित्त’ म्हणजे मूळचे शीतपित्त. माधवनिदान या आयुर्वेदातल्या रोगनिदानाच्या जुन्या ग्रंथात शीतपित्त आणि त्यासारखीच उदर्द व कोठ ही त्वचेची दुखणी यांचा एकत्र विचार आहे. तिथे म्हटले आहे की गार वाऱ्याच्या स्पर्शाने कफ आणि वात बिघडतात आणि पित्ताला सोबत घेऊन पसरतात. म्हणजे सुरुवात पित्तापासून नाहीच! बोलण्यात ‘शीत’ गळले, ‘पित्त’ उरले. आंबट ढेकर आणि छातीतली जळजळ यांनाही आपण पित्तच म्हणतो, त्यामुळे दोन्ही एकच दुखणे वाटू लागले. ती दुखणी वेगळी आहेत.

त्याच ग्रंथात ही सूज ‘वरटीदष्टसंस्थान’ म्हटली आहे, म्हणजे गांधीलमाशी डसल्यावर दिसते तशी. हे वाचताना मला फार आनंद झाला, कारण ‘गांधीलमाशी’ या नावातच गांध ऐकू येते. संस्कृतात माशीवरून सूज ओळखली, मराठीत सुजेवरून माशी. (आडनावातला ‘गांधी’ निराळा, तो सुगंधी द्रव्ये विकणाऱ्या ‘गान्धिका’चा.)

याच गांधींसाठी डॉक्टर लिहितात तो ‘अर्टिकेरिया’ शब्द लॅटिन ‘अर्टिका’वरून आला. अर्टिका म्हणजे आपल्याकडे हिमालयात बिच्छू घास म्हणतात त्या जातीची वनस्पती. तिच्या पानांवरचे पोकळ, काचेसारखे ठिसूळ केस त्वचेत मोडतात आणि आतला दाहक रस टोचला जातो. स्कॉटिश वैद्य विल्यम कलेन यांनी १७६९ साली रोगांच्या वर्गीकरणात हे नाव वापरले.

अर्टिकाच्या त्या रसात हिस्टामाइन हे खाज आणि सूज आणणारे रसायन असते. आपल्या त्वचेतल्या मास्ट पेशीही तेच सोडतात: रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांतून द्रव पाझरतो, गांध वर येते. काहींच्या हातावर बोथट काडीने रेघ ओढली तरी पाच-दहा मिनिटांत ती रेघ दोरीसारखी फुगते. एकेक गांध बहुधा चोवीस तासांच्या आत मावळते, पण शेजारी नवी उठते. ओठ-जीभ सुजली किंवा श्वास कोंडू लागला, तर मात्र तत्काळ रुग्णालय गाठावे.