अभिनय पुरस्कार : प्रवेशिका, नामांकन आणि प्रचार

चित्रपटातील अभिनयाच्या पुरस्कारापर्यंत कलावंताचे नाव पोहोचवण्याची पद्धत. तिचे टप्पे तीन : चित्रपटाची प्रवेशिका, परीक्षकांनी किंवा मतदारांनी केलेली निवड, आणि या सगळ्या काळात कलावंताच्या बाजूने होणारा प्रचार. राष्ट्रीय पुरस्कारांत नामांकने जाहीर होत नाहीत आणि प्रचाराला वाव नसतो. अमेरिकेतल्या ऑस्करमध्ये मात्र प्रचार हा स्वतंत्र धंदाच आहे. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या मराठी-अहिराणी चित्रपटकर्त्यांनी सर्वांत जास्त लक्ष द्यावे ते पहिल्या टप्प्याकडे. तिथे चुकले तर चांगली भूमिका परीक्षकांच्या डोळ्यांसमोर येतच नाही.

प्रवेशिका निर्माता भरतो. राष्ट्रीय किंवा राज्य पुरस्कारासाठी नटाला स्वतःचे नाव परस्पर पाठवता येत नाही. त्यामुळे करारातच लिहून घ्यावे : कोणत्या पुरस्कारांना चित्रपट पाठवणार, शुल्क आणि सबटायटलचा खर्च कोण करणार, प्रवेशिकेची पोच कलावंताला कधी मिळणार. वर्ष मोजले जाते ते सेन्सॉर सर्टिफिकेटवरून. राष्ट्रीय पुरस्कारासाठी १ जानेवारी ते ३१ डिसेंबर या काळात प्रमाणित झालेले चित्रपट त्या वर्षात धरतात. थिएटरात तो कधी लागला हा प्रश्न वेगळा. खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीबाळी माहेरी येतात, म्हणून प्रदर्शनासाठी हा मुहूर्त धरणे समजण्यासारखे आहे. पण सर्टिफिकेट डिसेंबरात हाती आले असेल तर आखाजीला लागणारा तो चित्रपट पुरस्काराच्या हिशेबात मागच्या वर्षाचा ठरतो. पोस्टर छापून होईपर्यंत प्रवेशिकेची मुदत उलटून गेलेली असू शकते. सर्टिफिकेट मिळाले त्याच दिवशी त्यावरची तारीख, भाषा आणि लांबी वहीत उतरवून घ्यावी. प्रमाणित झालेली प्रत आणि परीक्षकांना पाठवलेली प्रत एकच असावी. मधल्या काळात दोन प्रसंग कापले असतील तर त्याचीही रीतसर नोंद हवी.

भाषेचा रकाना खान्देशासाठी फार महत्त्वाचा आहे. अहिराणीला आपण घरात मराठीची बोली म्हणतो, पण जनगणनेत ती ‘खान्देशी’ या स्वतंत्र, राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीबाहेरच्या भाषेत मोजली जाते. २०११ साली या भाषेचे सुमारे १८.६ लाख भाषक नोंदले गेले. राष्ट्रीय पुरस्कारांत अनुसूचीबाहेरच्या भाषांतील चित्रपटांसाठी वेगळा पुरस्कार देता येतो, आणि अभिनयाच्या पुरस्कारांना तर भाषेचे कुंपणच नाही. मराठी चित्रपटांपुरत्या असलेल्या पुरस्कारांत मात्र सर्टिफिकेटवर ‘अहिराणी’ लिहिले असल्यास प्रश्न उभा राहू शकतो. हा रकाना घाईत, एजंटाच्या सवयीने भरला जाऊ देऊ नये. संवाद मिश्र असतील तर आयोजकांकडून आधी लेखी खुलासा घ्यावा.

राष्ट्रीय पुरस्काराच्या प्रतीवर इंग्रजी सबटायटल लागतात, आणि अभिनयाचे मोल इथे सहज कमी होते. ‘माय वं’ हे दोन शब्द घ्या. केळीच्या बागेत वादळानंतर आडवे झालेले घड पाहून बाई ते म्हणते तेव्हा तो हंबरडा असतो; विहिरीवरून हंडा उतरवताना म्हणते तेव्हा नुसता थकवा; नातवाच्या खोडीवर म्हणते तेव्हा कौतुक. तिन्ही ठिकाणी आईला हाक मारल्याचे भाषांतर झाले, तर अहिराणी न जाणणाऱ्या परीक्षकाला नटीने आवाजात केलेले तीन वेगळे बदल कसे दिसणार? ओळ पडद्यावर उमटण्याची वेळही तितकीच जपावी लागते. वाक्य अर्धा सेकंद आधी उमटले तर परीक्षक ते वाचून मोकळा होतो आणि नटाने घेतलेला थांबा वाया जातो. अहिराणी घरात बोलणाऱ्या माणसाला शेजारी बसवून सबटायटल एकदा तरी तपासून घ्यावेत. आवाजाचेही तसेच आहे : गावाकडच्या नटाचे संवाद शहरातल्या स्टुडिओत दुसऱ्याच्या आवाजात भरले, तर त्या भूमिकेतला अर्धा अभिनय दुसऱ्याचा झाला.

राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार १९५४ पासून दिले जातात. अभिनयाचे पुरस्कार १९६७ च्या चित्रपटांपासून सुरू झाले. पहिले मानकरी उत्तमकुमार आणि नर्गिस. निवड दोन पातळ्यांवर होते. प्रादेशिक समित्या चित्रपट पाहून शिफारस करतात, मराठी चित्रपट पश्चिम विभागाकडे जातात, आणि मग केंद्रीय समिती निर्णय घेते. परीक्षकांकडे वशिला लावणे म्हणजे प्रवेशिका स्वतःच्या हाताने बाद करून घेणे. प्रमुख भूमिकेसाठी रजत कमळ मिळते. २०२२ च्या पुरस्कारांपासून त्याची रक्कम २ लाख रुपये आहे. खान्देशाचा या पुरस्काराशी जवळचा धागा आहे. शिरपूरच्या पाटील घराण्यातल्या स्मिता पाटील यांना ‘भूमिका’ (१९७७) आणि ‘चक्र’ (१९८०) या चित्रपटांसाठी तो दोनदा मिळाला.

महाराष्ट्र राज्य चित्रपट पुरस्कारांत प्राथमिक फेरीचे परीक्षक सगळ्या प्रवेशिका पाहतात, तांत्रिक विभागांचे निकाल आणि अभिनयाची नामांकने जाहीर करतात. अंतिम फेरीसाठी दहा चित्रपट निवडले जातात आणि विजेत्याचे नाव समारंभात कळते.

प्रमुख की साहाय्यक, हा विभाग ठरवताना भावनेपेक्षा हिशेब कामाला येतो. भूमिका पडद्यावर किती मिनिटे आहे, कथा तिच्यामुळे वळते का, आणि त्याच चित्रपटात दुसरी कोणती भूमिका त्याच विभागात उभी राहते, हे तीन प्रश्न विचारावेत. एकाच चित्रपटातले दोन नट एका विभागात आले की मते फुटतात.

प्रेक्षकांच्या मतांवर चालणाऱ्या वाहिन्यांच्या पुरस्कारांत नामांकने आयोजक ठरवतात आणि पुढचे मतदान लोक करतात. इथे गावोगावचे व्हॉट्सॲप गट, गणेश मंडळे, कॉलेजची मुले खरेच उपयोगी पडतात. मतदानाचा दुवा, शेवटची तारीख आणि विभागाचे अचूक नाव, एवढाच मजकूर असलेला निरोप पुढे जातो. लांबलचक कौतुक कुणी वाचत नाही.

ऑस्करचे गणित निराळे आहे. अभिनयाची नामांकने ऑस्कर देणाऱ्या अकादमीतले नट-नट्याच करतात. मतपत्रिकेवर पाच नावांपर्यंत पसंतीक्रम लिहायचा असतो. पाच जागांसाठी एकूण मतपत्रिकांना सहाने भागून एक मिळवायचा, तो कोटा. समजा १२०० मतपत्रिका आल्या, तर २०१ मते मिळवणारा आत गेला. सर्वांत कमी मतांचा उमेदवार बाद होऊन त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीकडे जातात. म्हणून प्रचाराचा डोळा पहिल्या पसंतीवर असतो. सगळ्यांच्या यादीत चौथे असणारे नाव बाहेर राहू शकते. अंतिम फेरीत मत सगळ्या सदस्यांना असते, आणि एका विभागात प्रत्येकाचे एकच.

प्रचारात खास खेळ, कलावंताशी गप्पा, चित्रपटधंद्याच्या मासिकांतल्या जाहिराती आणि अकादमीच्या शुल्क घेणाऱ्या ऑनलाइन पडद्यावर चित्रपट ठेवणे येते. जोर जास्त झाला की उलटतो. १९६० च्या ‘द अलामो’साठी नामांकन मिळालेल्या चिल विल्स या नटाने दिलेल्या जाहिराती लोकांना इतक्या खटकल्या की ते प्रकरण आजही दाखल्यासाठी सांगतात. पुरस्कार पीटर उस्तिनोव्ह यांना गेला. प्रतिस्पर्ध्याचे नाव घेऊन तुलना करणे अकादमीच्या नियमांत बसत नाही.

ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका फिल्म फेडरेशन ऑफ इंडिया निवडते. २००४ साली ‘श्वास’ हा मराठी चित्रपट निवडला गेला तेव्हा अमेरिकेतल्या प्रचाराचा खर्च झेपेना, म्हणून महाराष्ट्रातल्या सामान्य लोकांनी वर्गणी दिली. अंतिम पाचांत तो चित्रपट पोहोचला नाही. अशा प्रवेशिकेचा विभाग चित्रपटाचा असतो. त्यातल्या नटाला अभिनयाच्या विभागात उभे करायचे तर अमेरिकेतल्या ठरलेल्या सहा महानगरांपैकी एकात सलग सात दिवस, रोज किमान तीन खेळ आणि त्यांतला एक संध्याकाळी ६ ते १० च्या दरम्यान, असे प्रदर्शन वेगळे करावे लागते. जळगावात किंवा धुळ्यात शंभर दिवस चाललेला खेळ त्या हिशेबात धरला जात नाही.