जबड्यातील प्लेटा व स्क्रू काढणे

पुढे आलेला, मागे राहिलेला किंवा एका बाजूला कललेला जबडा कापून योग्य जागी बसवल्यावर हाडाचे तुकडे हलू नयेत म्हणून टायटेनियमच्या छोट्या पट्ट्या स्क्रूंनी आवळून बसवतात. हाड जुळून आल्यानंतर हे सामान दुसऱ्या, लहान शस्त्रक्रियेने बाहेर काढतात. दवाखान्यातल्या बोलीत याला नुसते ‘प्लेटा काढणे’ म्हणतात. पायात रॉड घातलेल्या माणसाच्या घरी विचारतात तसेच इथेही नातेवाईक पहिल्याच दिवशी विचारतात, ‘मग त्या काढायच्या कधी?’ बहुतेक सर्जन सांगतात की काढाव्या लागणार नाहीत. तरीही काहींच्या काढाव्या लागतात.

जबड्यात काय काय असते

वरच्या जबड्यासाठी दातांच्या मुळांच्या वर आडवा छेद घेतात. त्याला ‘ले फोर १’ म्हणतात. रने ले फोर या फ्रेंच शल्यचिकित्सकाने प्रेतांच्या कवट्यांवर आघात करून चेहऱ्याची हाडे कोणत्या रेषांवर फुटतात ते पाहिले आणि 1901 साली मांडले. त्यातल्या सर्वांत खालच्या रेषेवरून हे नाव पडले. खालच्या जबड्याचा दाढांमागचा भाग शेंगेच्या दोन फाकी व्हाव्यात तसा उभा चिरतात आणि दात असलेली फाक पुढे किंवा मागे सरकवतात. ही पद्धत ट्राउनर व हुगो ओबवेगेसर या सर्जनांनी 1957 मध्ये प्रसिद्ध केली. खालच्या ओठाला संवेदना पुरवणारी नस या दोन फाकींच्या मधूनच जाते. पुढे येणाऱ्या बधिरतेच्या तक्रारींचे मूळ तिथे आहे.

वरच्या जबड्याला साधारण चार पट्ट्या लागतात : दोन नाकपुड्यांच्या कडेला आणि दोन गालाच्या हाडाखाली. खालच्या जबड्याला प्रत्येक बाजूला एक पट्टी बसते, किंवा पट्टी न लावता तीन लांब स्क्रू आरपार घालतात. हनुवटीही सरकवली असेल तर तिथे आणखी एक पट्टी, बहुधा पायरीसारखी वाकवलेली. एका पट्टीला चार स्क्रू धरले तर दोन्ही जबड्यांच्या रुग्णाच्या चेहऱ्यात पंचवीस-तीस स्क्रू सहज असतात. आकडा ऐकून माणूस दचकतो; पण स्क्रूची जाडी दीड ते दोन मिलिमीटर, लांबी बहुधा पाच ते सात मिलिमीटर आणि पट्टीची जाडी मिलिमीटरभर किंवा त्याहून कमी. सगळ्याचे मिळून वजन काही ग्रॅम भरते.

न निघणारा धातू

पट्ट्या येण्यापूर्वी हाडाचे तुकडे तारेने बांधत आणि वरचे-खालचे दात एकमेकांना आवळून साधारण सहा आठवडे तोंड बंद ठेवत. रुग्ण तेवढे दिवस फटीतून पातळ पदार्थ ओढून घेत असे. 1970 च्या दशकात मिशेले आणि नंतर स्ट्रासबर्गचे माक्सिम शांपी या फ्रेंच सर्जनांनी तोंडाच्या आतूनच बसवता येणाऱ्या लहान पट्ट्या रूढ केल्या. श्पीस्ल या सर्जनांनी 1974 मध्ये खालच्या जबड्याच्या फाकी स्क्रूंनी जोडण्याची पद्धत मांडली. दात बांधून ठेवण्याची शिक्षा त्यामुळे बरीचशी संपली.

त्या काळच्या पट्ट्या पोलादाच्या किंवा कोबाल्ट-क्रोमच्या असत. पोलाद शरीरातल्या खाऱ्या ओलाव्यात हळूहळू झिजू शकते, म्हणून काम झाले की काढून टाकणे हा सरळ हिशेब होता. नंतर टायटेनियम आले आणि तो हिशेब बदलला. या धातूवर हवेत क्षणात ऑक्साइडचा अतिसूक्ष्म थर चढतो आणि तोच त्याला गंजू देत नाही. 1952 साली स्वीडनमध्ये पेर-इंग्वार ब्रोनेमार्क सशाच्या पायाच्या हाडात बसवलेल्या टायटेनियमच्या कुप्यांतून रक्ताभिसरण पाहत होते. प्रयोग आटोपल्यावर कुप्या काढायला गेले तर त्या निघेनात. हाड त्यांना घट्ट धरून बसले होते. आजचे दंतरोपण या अडचणीतूनच जन्मले. निघत नाही म्हणून जो धातू नावाजला, तोच जबड्यातून बाहेर काढायचा, हे या शस्त्रक्रियेतले खरे कोडे आहे. उशीर जितका जास्त, तितके हाड पट्टीवर चढत जाते.

काढायचे की ठेवायचे

याबाबत जगात एकमत नाही, आणि फरक शास्त्रापेक्षा प्रथेचा जास्त आहे. जपान व दक्षिण कोरियात तक्रार नसतानाही वर्षभरात प्लेटा काढण्याची पद्धत मोठ्या प्रमाणावर आहे. ब्रिटन व अमेरिकेत त्या बहुधा आयुष्यभर तशाच राहतात. भारतातही सहसा तक्रार असेल तरच काढतात. दुसरी भूल, दुसरा खर्च आणि कामावरून पुन्हा रजा ही कारणे त्यात आलीच. स्ट्रासबर्गच्या संशोधन गटाने 1991 मध्ये अशी भूमिका घेतली होती की काम संपलेली पट्टी म्हणजे शरीरातली परकी वस्तू. ती अपाय करते असा स्पष्ट पुरावा नाही, पण निरुपद्रवी आहे अशी खात्रीही देता येत नाही, तेव्हा फार जोखीम नसेल तर काढलेली बरी. ही भूमिका सावधपणाची होती. त्यानंतर टायटेनियम शांतपणे राहिलेल्या असंख्य रुग्णांचा अनुभव जमा झाला आहे आणि तो न काढण्याच्या बाजूने झुकतो.

काढण्याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे जंतुसंसर्ग. खालच्या जबड्याच्या कोनापाशी, अक्कलदाढेच्या मागे पट्टी असते. तिथे अन्नाचे कण अडकतात, लाळ साचते आणि ब्रश पोचत नाही. काही महिन्यांनी हिरडीला बारीक भोक पडते, दाबले की पू येतो, प्रतिजैविकाचा कोर्स केला की थांबतो आणि पुन्हा येतो. धातूच्या पृष्ठभागावर जंतूंचा चिकट थर बसला की गोळ्या त्याच्या आत पोचत नाहीत. अशा वेळी तिसरा कोर्स लिहून देण्यापेक्षा पट्टी काढणे शहाणपणाचे. सिगारेट ओढणाऱ्यांत हे जास्त दिसते. स्क्रू सैल होणे हे संसर्गाचे कारणही असते आणि परिणामही.

वरच्या जबड्याच्या तक्रारी वेगळ्या. गालाची कातडी पातळ असेल तर दाढी करताना किंवा चेहरा धुताना पट्टीची कड बोटाला लागते. काहींना थंड वाऱ्यात नाकाच्या बाजूला ठणकते. ‘थंडी पडली की प्लेट कळते’ हे वाक्य त्यातलेच. सायनसचा त्रास वारंवार होत असेल आणि स्कॅनमध्ये स्क्रूचा संबंध दिसत असेल तरच काढण्याला अर्थ आहे, कारण स्क्रूचे टोक सायनसच्या भिंतीतून किंचित आत गेलेले असणे नेहमीचेच आहे आणि ते बहुधा काही करत नाही. त्याच जागी दंतरोपण करायचे असेल, किंवा जबडा पुन्हा सरकवायचा असेल, तर पट्टी वाटेतून दूर करावीच लागते. लहान वयात, हाड वाढत असताना बसवलेल्या पट्ट्याही काढतात.

दोन अपेक्षा मात्र फोल ठरतात. ओठाची बधिरता पट्टी काढल्याने सहसा जात नाही. नस ताणली गेलेली असते ती पहिल्या शस्त्रक्रियेत, फाकी वेगळ्या करताना. स्क्रू थेट नसेवर दाबत असेल तर गोष्ट वेगळी. दुसरी अपेक्षा चेहरा बदलण्याची. हाताला लागणारा उंचवटा जाईल, पण हाड जिथे सांधले तिथेच राहील. त्यामुळे चेहऱ्याची ठेवण बदलत नाही, आणि दातांची पकड पुन्हा बिघडेल ही उलट भीतीही अनाठायी आहे.

विमानतळावरच्या तपासणीत इतके कमी टायटेनियम सहसा वाजत नाही. एमआरआयही करता येतो, कारण हा धातू चुंबकाला ओढला जात नाही. फक्त पट्टीच्या आसपासचे चित्र थोडे पुसट येते. म्हणजे या दोन कारणांसाठी कोणी प्लेटा काढायला सांगत असेल तर त्याला कारण विचारावे.

वेळ आणि कृती

हाड पहिल्या सहा-आठ आठवड्यांत जुळते, पण पक्के व्हायला आणखी काही महिने लागतात. म्हणून तातडी नसेल तर सहा महिने ते वर्ष हा काळ सोयीचा धरतात. संसर्ग लवकर झाला तर हाड पुरेसे धरेपर्यंत जखम धुऊन, औषधांवर वेळ काढतात. दोन-तीन वर्षांनंतर काढायचे ठरले तर पट्टी हाडाखाली गाडलेली सापडू शकते, आणि तिच्यावरचे हाड छिन्नीने किंवा ‘बर’ने, म्हणजे ड्रिलच्या फिरत्या पात्याने, खरवडावे लागते.

एखादी हाताशी असलेली पट्टी जागेवर भूल देऊनही निघते. सगळ्या काढायच्या तर पूर्ण भूल बरी. पुष्कळदा रुग्ण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातो. छेद तोंडाच्या आत, जुन्या व्रणावरूनच घेतात. खालच्या जबड्याच्या पुढच्या भागात हनुवटीची नस जुन्या व्रणात गुरफटलेली असते, त्यामुळे तिथे हात जपून चालवावा लागतो. हाडावरचे पातळ आवरण सोलून बाजूला केले की राखाडी पट्टी दिसू लागते.

पुढचे काम सुताराच्या हाताचे आहे. स्क्रूच्या डोक्यातल्या खाचेत तंतू आणि हाडाचा चुरा भरलेला असतो. तो टोकदार हत्याराने आधी कोरून काढायचा, मग ड्रायव्हर अगदी काटकोनात रोवून, दाब देऊन उलटा फिरवायचा. पहिल्या पाव फेऱ्यात स्क्रू अडतो, मग एकदम सुटतो, आणि पुढचे फेरे हलके जातात. ड्रायव्हर घाईने तिरका धरला तर खाच झिजते, आणि मग तो स्क्रू कापून किंवा भोवतालचे हाड पोखरून काढावा लागतो. एखादा तुटलेला स्क्रू खोल असेल आणि त्रास देत नसेल तर शहाणा सर्जन तो तसाच सोडून देतो. तो काढण्यासाठी दाताचे मूळ किंवा नस दुखावण्यात हशील नाही.

यात एक अगदी साधी अडचण येते, ती कोणी आधी सांगत नाही. प्रत्येक कंपनीच्या स्क्रूची खाच निराळी असते : कुठे अधिक चिन्हासारखी, कुठे चौकोनी, कुठे षट्कोनी. पहिली शस्त्रक्रिया एका शहरात आणि दुसरी दुसऱ्या शहरात झाली तर टेबलावरचा ड्रायव्हर स्क्रूला बसतच नाही, असे होऊ शकते. क्ष-किरण चित्रावरून अंदाज बांधता येतो, पण तो अंदाजच. म्हणून पहिल्या ऑपरेशनच्या नोंदीत पट्टीची कंपनी, प्रकार आणि स्क्रूची जाडी लिहिलेली असते तो कागद, किंवा पाकिटावरचे स्टिकर, रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवावे. नोकरी-शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्यांनी तर नक्कीच.

नंतरचे दिवस

पहिल्या शस्त्रक्रियेच्या मानाने हे दुखणे किरकोळ असते. सूज दोन-तीन दिवस चढते आणि आठवड्याभरात बरीच उतरते. टाके विरघळणारे घालतात. आठ-दहा दिवस मऊ भात, खिचडी, पेज, आणि जेवणानंतर क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाच्या गुळण्या. ओठ किंवा गाल काही काळ बधिर राहू शकतो. संवेदना बहुधा परत येते. स्क्रूंची भोके हाडाने भरायला काही महिने लागतात. तेवढ्यात चालणे, बोलणे, ऑफिस यांना अडकाठी नाही, मात्र कबड्डी किंवा क्रिकेटचा कठीण चेंडू चार-सहा आठवडे लांब ठेवतात.

दुसऱ्या शस्त्रक्रियेची गरजच नको म्हणून विरघळणाऱ्या पट्ट्याही निघाल्या आहेत. त्या लॅक्टिक आम्लाच्या बहुवारिकांपासून (पॉलिमरपासून) बनतात आणि शरीरात त्यांचे शेवटी पाणी व कार्बन डायऑक्साइड होते. त्या टायटेनियमपेक्षा जाड असतात, स्क्रू आवळताना तुटण्याची शक्यता अधिक आणि विरघळायला वर्षे लागतात. मधल्या काळात भोवती सूज आली तर त्याही उघडून काढाव्या लागतात, म्हणजे ज्या त्रासातून सुटका हवी होती तोच परत.

काढलेल्या पट्ट्या अनेक रुग्ण आठवण म्हणून मागून घेतात. भारतात 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार शरीरातून काढलेली धातूची रोपणे काचेच्या सामानाबरोबर निळ्या वर्गात जातात, त्यामुळे त्या हवाली करायच्या की नाही हे रुग्णालय ठरवते. विचारायचे तर ऑपरेशनच्या आधी विचारावे. त्या दुसऱ्या कोणाला वापरत नाहीत. वापरता येण्यासारख्याही नसतात, कारण प्रत्येक पट्टी बसवताना पकडीने वाकवून त्या एका माणसाच्या हाडाच्या उंचसखलपणाला जुळवलेली असते.