पीएच सात आहे, मग गॅस का कमी झाला?

अन्नकचऱ्याच्या बायोगॅस प्लांटवर गॅस घटला की हमखास उत्तर येतं, "पीएच तर सातच आहे!" पीएच आणि अल्कलिनिटी यांची ही गल्लत आता थांबायला हवी.

पीएच सगळ्यांना ठाऊक आहे. पाणी या घटकेला किती आंबट, तेवढंच तो सांगतो. मिथेन करणाऱ्या जिवाणूंना सात-साडेसात मानवतो. पुढे चला.

अल्कलिनिटी म्हणजे अजून किती आम्ल पचवूनही पीएच टिकेल, ती ताकद. डायजेस्टरमध्ये, म्हणजे कचरा कुजतो त्या बंद टाकीत, ती मुख्यतः बायकार्बोनेटची असते. मोजतात मात्र कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात. समजा, ती लिटरला 4000 मिलिग्रॅम आहे आणि पीएच 7.3. लग्नसराईत भात, पोळ्या, गोडधोड जास्त आलं. आम्ल करणारे जिवाणू भराभर कामाला लागतात, मिथेनवाले मागे पडतात. ॲसेटिक आम्लाचे 60 मिलिग्रॅम 50 मिलिग्रॅम अल्कलिनिटी खातात. म्हणजे लिटरला 2400 मिलिग्रॅम आम्ल साचलं की निम्मी अल्कलिनिटी गेली. आणि पीएच? गॅसमधला कार्बन डायऑक्साइड तेवढाच धरला, तर तो उतरतो जेमतेम 0.3 ने. झाला सात! कॅलिब्रेट न केलेला पीएच पेन तेवढा सहज चुकतो. लॉगबुकात "नॉर्मल" पडतं आणि फीडिंग चालूच राहतं.

म्हणून व्हीएफए (ॲसेटिकसारखी साचलेली उडनशील आम्लं) आणि अल्कलिनिटीचं गुणोत्तर बघा. 0.3 च्या आत असेल तर ठीक, 0.4 ओलांडलं की फीड कमी करा, पीएच काहीही दाखवो. अल्कलिनिटी मोजायला नमुन्यात मोजून आम्ल घालत जातात, ते टायट्रेशन. ते पीएच 4.5 पर्यंत नेलं की व्हीएफएचे क्षारही अल्कलिनिटीत धरले जातात, आकडा फुगतो. पीएच 5.75 पर्यंतचा आकडा शेजारी वेगळा लिहा. बायकार्बोनेटच्या जवळ तोच जातो.

डाळ, मांस, अंडी यांतल्या नायट्रोजनचा अमोनिया होतो आणि अल्कलिनिटी प्लांटमध्येच तयार होते. आंब्याच्या किंवा द्राक्षाच्या सांडपाण्यात तसं होत नाही, तिथे ती बाहेरून द्यावीच लागते.

आणि कृपा करून चुन्याची पोती ओतू नका. चुना कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो, पाइपांत खडू जमतो, डोममधला दाब पडतो. आधी फीड थांबवा. मग सोडियम बायकार्बोनेट पाण्यात विरघळवून थोडं थोडं सोडा आणि दर वेळी गुणोत्तर तपासा.