तारकागुच्छ बघताना: आधी पसारा, मग रंग

दुर्बिणीतून पहिल्यांदा कृत्तिका पाहिल्या की पुष्कळांचा हिरमोड होतो. नुसत्या डोळ्यांना दिसणारा सहा-सात ताऱ्यांचा झुबका गायब होतो आणि समोर चार-पाच ठळक तारे तेवढे विखुरलेले दिसतात. दुर्बीण चांगली असते, फक्त तिच्यात आकाश कमी मावतं. १२०० मिमी नाभीय अंतराच्या (मुख्य भिंग किंवा आरशापासून प्रतिमा बनते तिथपर्यंतचं अंतर) दुर्बिणीला २५ मिमीचा आयपीस, म्हणजे डोळ्याजवळचं भिंग, लावला की प्रतिमा ४८ पट मोठी होते. ५० अंशांचं दृश्यक्षेत्र असलेल्या साध्या आयपीसमधून मग जेमतेम एक अंश आकाश दिसतं, आणि कृत्तिकांचा पसारा तर जवळजवळ दोन अंशांचा. १०×५० च्या (दहा पट मोठं दाखवणाऱ्या, ५० मिमी भिंगांच्या) बायनॉक्युलरमध्ये साधारण साडेसहा अंश मावतात. कृत्तिकांसाठी तोच उत्तम, मात्र स्टँडवर बसवलेला. हात थरथरला की फिके तारे दिसेनासे होतात.

कृत्तिकांसारख्या खुल्या तारकागुच्छातले तारे एकाच वायुमेघातून, जवळपास एकाच वेळी जन्मलेले असतात. आपल्यापासूनचं त्यांचं अंतरही जवळपास सारखंच. त्यामुळे त्यांच्यातला एखादा तारा जास्त तेजस्वी दिसला, तर तो खरोखरच जास्त तेजस्वी असतो. जड तारे निळे, तापलेले आणि अल्पायुषी. आपलं इंधन ते आधी संपवतात आणि फुगून तांबडे-नारिंगी होतात. म्हणून गुच्छात कोणते निळे तारे अजून शिल्लक आहेत, यावरून त्याचं वय काढता येतं. खगोलशास्त्रात वय मोजण्याच्या इतक्या भरवशाच्या रीती फार नाहीत.

कृत्तिका सुमारे ४४० प्रकाशवर्षांवर आहेत आणि त्यांचं वय दहा-बारा कोटी वर्षं, त्यामुळे ठळक तारे सगळे निळसर. फोटोत त्यांच्याभोवती दिसणारी निळी धूसर झाक जन्माच्या वेळी उरलेल्या वायूची नाही. हा गुच्छ सध्या वाटेतल्या एका धुळीच्या मेघातून चालला आहे. ती झाक प्रत्यक्ष दिसली असं वाटलं, तर लगेच जवळच्या रोहिणी ताऱ्याकडे वळा. तिच्याभोवतीही तसंच वलय असेल, तर भिंगावर दव किंवा श्वासाची वाफ साचली आहे.

रोहिणीभोवतीचा इंग्रजी व्ही आकाराचा गुच्छ सुमारे दीडशे प्रकाशवर्षांवर आहे. खुद्द रोहिणी त्यातली नाही. ती ६५ प्रकाशवर्षांवर, मध्येच उभी आहे. हा गुच्छ साठ-पासष्ट कोटी वर्षांचा असल्याने त्यातले काही तारे एव्हाना नारिंगी राक्षसी (फुगून प्रचंड झालेले) तारे झाले आहेत.

साधारण तेवढ्याच वयाचा गुच्छ पुष्य नक्षत्रात, म्हणजे कर्क राशीत आहे. पुनर्वसू आणि मघा यांच्या मधोमध, किंचित पुनर्वसूकडे बघा. अंधाऱ्या आकाशात तिथे धुरकट डाग दिसतो, पण चंद्रप्रकाशात किंवा शहरी उजेडात तो साफ पुसला जातो. गॅलिलिओला दुर्बिणीतून त्यात चाळीसच्या आसपास तारे मोजता आले होते. त्याने ते १६१० मध्ये प्रसिद्ध केलं. फेब्रुवारी ते एप्रिलच्या संध्याकाळी हा गुच्छ चांगला दिसतो.

बाकीचे बहुतेक गुच्छ आकाशगंगेच्या पट्ट्यातच सापडतात, कारण नवे तारे आकाशगंगेच्या तबकडीतच जन्मतात. शर्मिष्ठा या इंग्रजी डब्ल्यू आकाराच्या तारकासमूहाच्या मधल्या ताऱ्यापासून शेजारच्या ययाती तारकासमूहाच्या बाजूच्या पुढच्या ताऱ्यापर्यंत रेघ ओढा आणि तिथून तशीच दुप्पट पुढे न्या. तिथे एनजीसी ८६९ आणि ८८४ हा जोडगुच्छ आहे (एनजीसी आणि पुढे येणारा एम हे आकाशातल्या वस्तूंच्या याद्यांमधले क्रमांक). साडेसात हजार प्रकाशवर्षं दूर, वय फक्त दीड कोटी वर्षांच्या आत-बाहेर. दोन गुच्छांत अर्ध्या अंशाचंच अंतर असल्याने ३०-४० पट मॅग्निफिकेशनमध्ये दोन्ही एकत्र मावतात, आणि इथे मात्र दुर्बीणच बरी. ८८४ मधले तांबूस महाराक्षसी तारे नीट शोधा. इतक्या कोवळ्या गुच्छातही सर्वांत जड ताऱ्यांचं म्हातारपण आलेलं त्यांत दिसतं. सारथी तारकासमूहात एम ३६, ३७ आणि ३८ जवळजवळ आहेत. त्यांत ३७ सर्वांत दाट. वृश्चिकाच्या नांगीवरच्या मूळ नक्षत्राच्या ईशान्येला एम ७ नुसत्या डोळ्यांना दिसतो. प्राचीन खगोलविद टॉलेमीने त्याची नोंद दुसऱ्या शतकातच केली होती.

खुले गुच्छ फार टिकत नाहीत. मोठ्या वायुमेघांच्या ओढीने आणि आकाशगंगेच्या गुरुत्वाकर्षणाने त्यांतले तारे निसटत जातात आणि बहुतेक गुच्छ काही कोटी ते पन्नास-शंभर कोटी वर्षांत विखुरतात. कर्क राशीतला एम ६७ मात्र सुमारे ४०० कोटी वर्षं टिकला आहे. तो तबकडीच्या बराच वर असल्याने मेघांशी त्याची गाठ कमी पडते. पुष्यातल्या गुच्छाच्या दक्षिणेला आठ-नऊ अंशांवर तो आहे. त्याचे ठळक तारेही जेमतेम दहाव्या प्रतीचे (प्रत जितकी मोठी, तितका तारा फिका; नुसत्या डोळ्यांना सहाव्या प्रतीपर्यंतचे दिसतात), त्यामुळे बायनॉक्युलरमध्ये नुसता पुसट ठिपका दिसतो. तारे सुटे दिसायला १०० मिमी व्यासाची दुर्बीण, वीस-तीस मिनिटं अंधाराला सरावलेले डोळे आणि थोडी तिरपी नजर (ताऱ्याकडे थेट न बघता किंचित बाजूला बघणं) लागते.