डोअर काउंटीतली जुनी वास्तू राष्ट्रीय नोंदवहीत कशी जाते

मिशिगन सरोवर आणि ग्रीन बे यांच्यामध्ये शिरलेली जमिनीची लांब जीभ म्हणजे विस्कॉन्सिनमधली डोअर काउंटी. चेरीच्या बागा, छोटी गावं आणि दीपगृहं. केना बेटावरचं १८६९ चं दीपगृह अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या नोंदवहीत आहे. १९६६ च्या कायद्याने सुरू झालेली ही नोंदवही नॅशनल पार्क सर्व्हिस ही संघीय, म्हणजे अमेरिकेच्या केंद्र सरकारची, संस्था सांभाळते.

आधी एक भीती दूर करू. आपल्याकडे केंद्राचं संरक्षित स्मारक म्हटलं की १०० मीटरच्या आत नवं बांधकाम बंद. इथे तसं नाही. स्वतःच्या पैशाने, संघीय निधी किंवा परवान्याविना काम करणाऱ्या खासगी मालकावर या नोंदीमुळे कोणतंच बंधन येत नाही. स्थानिक नियम असतील तर ते वेगळे पाळावे लागतात.

वास्तू साधारण ५० वर्षं जुनी हवी. पण नुसतं वय पुरत नाही. मोठी घटना किंवा इतिहासातला बदल, महत्त्वाची व्यक्ती, बांधकामाची शैली वा कारागिरी, किंवा पुढे मिळू शकणारी माहिती, यांपैकी निदान एका निकषावर महत्त्व सिद्ध करावं लागतं. शिवाय मूळ रूप शाबूत असावं लागतं. बहुतेक अर्ज इथेच अडखळतात असं मला वाटतं, कारण खिडक्या बदलल्या, भिंतींवर प्लास्टिकचं आवरण चढलं की घर जुनं असूनही ओळखू येत नाही. जागेवरून हलवलेल्या इमारती, चर्च आणि दफनभूमी यांना एरवी प्रवेश नसतो, त्यांच्यासाठी जादा अटी आहेत.

एकेकटं घर साधं असलं तरी सगळा परिसर मिळून पात्र ठरू शकतो. काउंटीतल्या नामूर या वस्तीचंच पाहा. १८७१ च्या भीषण वणव्यानंतर बेल्जियन वसाहतकऱ्यांनी इथे लाल विटांची घरं उभारली. शेतं, कोठारं आणि रस्त्याकडेची चिमुकली प्रार्थनाघरं यांसह ती एक अख्खी वस्ती म्हणून जपली गेली आहेत. पाण्याखालची जहाजंही नोंदीला चालतात. बेलीज हार्बरजवळ १८८४ मध्ये बुडालेली क्रिस्टिना निल्सन ही शिडाची नौका नोंदवहीत आहे. मला हे फार मोलाचं वाटतं.

अर्ज कोणीही करू शकतो, मालक असायलाच हवं असं नाही. मॅडिसनमधल्या विस्कॉन्सिन हिस्टॉरिकल सोसायटीकडे आधी प्रश्नावली आणि फोटो पाठवा, पात्रतेचा अंदाज तिथेच मिळतो. मग पूर्ण अर्ज: वास्तूचं बारकाईचं वर्णन, महत्त्व पटवणारं टिपण, संदर्भसूची, हद्द दाखवणारा नकाशा, आतले-बाहेरचे फोटो आणि मालकाचं नाव-पत्ता. टिपणावर सर्वात जास्त वेळ घालवा. जुने खरेदीखत, कराच्या नोंदी, स्थानिक वृत्तपत्रं यांतूनच पुरावा उभा राहतो.

राज्याच्या समीक्षा मंडळापुढे अर्ज येण्याआधी मालकाला किमान ३० दिवसांची सूचना मिळते. वास्तूचा मालक एकच असेल आणि त्याने नोटरीसमोर हरकत नोंदवली तर नोंद होत नाही, परिसराच्या बाबतीत निम्म्याहून अधिक मालकांची हरकत लागते. मंडळाची शिफारस आणि राज्याच्या अधिकाऱ्याची सही झाली की अर्ज पार्क सर्व्हिसकडे जातो, आणि तिथला निर्णय सर्वसाधारणपणे ४५ दिवसांत होतो.

भाड्याने दिलेली किंवा व्यवसायाची इमारत असेल तर मंजूर दुरुस्ती खर्चावर २० टक्के संघीय करसवलत मिळू शकते, स्वतःच्या राहत्या घराला नाही. दुरुस्ती सुरू करण्याआधीच अर्ज द्या, काम झाल्यावर मागणं फार अवघड जातं. दारावरची पितळी पाटी मात्र सरकार देत नाही, ती मालकाने स्वतः करून घ्यायची.