नो मधला के, नी मधला के आणि आपला ज्ञ

माझी बहीण इंग्लंडात असते, तिच्या मुलीचं नाव ज्ञ ने सुरू होतं आणि पासपोर्टवर ते आपल्या पद्धतीप्रमाणे डी-एन-वाय असं लिहिलंय. शाळेच्या पहिल्या दिवशी टीचरने हजेरी घेताना ते नाव वाचलं, थांबल्या, आणि अगदी मनापासून विचारलं, यातला डी सायलेंट आहे का? घरी आल्यावर भाचीने मला व्हिडिओ कॉल करून हे सांगितलं आणि लगेच पुढचा प्रश्न टाकला, मामा, मग त्यांच्या नो मधला के का सायलेंट आहे?

तिला वाटलं हे दोन वेगळे प्रश्न आहेत, पण खरं सांगायचं तर हा एकच प्रश्न आहे. नो म्हणजे जाणणे या इंग्रजी शब्दातला के-एन आणि आपल्या ज्ञान मधला ज्ञ हे मुळात एकाच आवाजाचे दोन वारस आहेत. ही जोडी जगात जिथे जिथे गेली तिथे माणसांच्या जिभेला तिने त्रास दिला आणि प्रत्येकाने आपापल्या परीने त्यातून वाट काढली, कुणी पहिला आवाज गिळला, कुणी बदलला, कुणी मधे स्वर घुसवला.

आधी के-एन चं बघू. नो, नी म्हणजे गुडघा, नाइफ, नाइट म्हणजे सरदार, नॉट म्हणजे गाठ, निट म्हणजे विणणे, नॉक, नीड म्हणजे कणीक मळणे, नकल म्हणजे बोटाचं पेर, नॉब. या सगळ्यांच्या सुरवातीला के आहे आणि एकातही तो ऐकू येत नाही. शाळेत आपण हे पाठ केलं, का ते कुणी सांगितलं नाही. कारण साधं आहे, हा के उगाच नाहीये, हजार वर्षांपूर्वी इंग्लंडात तो खणखणीत बोलला जायचा. जुन्या इंग्रजीत गुडघ्याला क्नेओव, जाणण्याला क्नावान आणि नाइटला क्निख्त म्हणायचे, म्हणजे आज जो के आणि जो जीएच आपण मुकाट्याने लिहितो तो प्रत्येक आवाज तेव्हा तोंडातून निघायचा.

कॉलेजात असताना मी जर्मनचा एक छोटा कोर्स केला होता, तिथे बाई आमच्याकडून गुडघ्याचा शब्द घोकून घ्यायच्या, क्नी, आणि निम्मा वर्ग किनी म्हणायचा. जर्मनीत हा क आजही जिवंत आहे. गाठीला क्नोटन, गड्याला क्नेख्त. हा क्नेख्त म्हणजेच इंग्रजीतला नाइट बरं का, मूळ अर्थ पोरगा, मग नोकर, आणि पुढे इंग्लंडात तो राजाच्या पदरचा घोडेस्वार लढवय्या झाला, मानाचा किताब झाला, जर्मनीत मात्र बिचारा गडीच राहिला. बुद्धिबळ खेळणाऱ्यांनी तर हा मुका के रोज बघितलाय, इंग्रजीत डाव लिहिताना राजाला के दिलेला असल्यामुळे घोड्याला म्हणजे नाइटला एन हे अक्षर देतात, म्हणजे कानाला जे ऐकू येतं तेच.

आता जरा स्वतः करून बघा. क्न म्हणा, पण मधे अ किंवा इ येऊ देऊ नका. क साठी जिभेचा मागचा भाग वर टाळूला चिकटतो, लगेच न साठी जिभेचं टोक पुढे दातांपाशी जातं आणि हवा नाकातून सोडायची असते. एका क्षणात जिभेला मागून पुढे उडी मारायची आहे आणि नाकाचं दारही उघडायचंय. शब्दाच्या मधे हे जमतं कारण आधीच्या स्वराचा टेकू मिळतो, चिकना मधे काही अडत नाही, पण शब्दाच्या अगदी तोंडाशी आलं की जड जातं. म्हणून इंग्लंडात सतराव्या शतकात हा क ढिला पडत गेला आणि अठराव्या शतकाच्या सुरवातीच्या सुमारास प्रमाण इंग्रजीतून गेलाच. त्या काळात उच्चार शिकवणाऱ्यांनी मधल्या पायऱ्या लिहून ठेवल्यात, कुणी म्हणतं ह्न असा आवाज येतो, कुणी म्हणतं त्न. हा त्न लक्षात ठेवा, आपल्याला परत लागणार आहे.

मग स्पेलिंगमधून का नाही गेला? कारण विल्यम कॅक्स्टनने इंग्लंडात छापखाना १४७६ मधे काढला, म्हणजे क जिवंत असताना. पुस्तकं छापली गेली, स्पेलिंगं हळूहळू बसत गेली आणि जीभ मागाहून बदलली.

नाइफ हा शब्द उत्तरेकडच्या व्हायकिंग लोकांनी आणलेला, त्यांच्याकडे क्नीफ्र. फ्रेंचांनी तोच उचलला आणि त्याचं कनिफ केलं, म्हणजे मधे अ टाकून मोकळे झाले. इंग्लंडवर १०१६ ते १०३५ राज्य करणारा डॅनिश राजा क्नूट, त्याच्या नावाचा अर्थच मुळी गाठ, त्याचंही पुढे कॅन्यूट झालं. आपल्याकडे स्टेशनचं सटेशन होतं तेच.

आता आपल्याकडे येऊ. १७८६ साली कलकत्त्यात एशियाटिक सोसायटीपुढे विल्यम जोन्स नावाच्या न्यायाधीशांनी सांगितलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातलं साम्य योगायोगाचं असू शकत नाही, या तिघी एकाच मुळातून निघाल्या असाव्यात आणि ते मूळ कदाचित आता उरलेलंही नसेल. ते मूळ कुणी लिहून ठेवलेलं नाही, लेकीबाळींवरून आजीचा चेहरा ताडावा तसं ते अभ्यासकांनी ताडलंय, साधारण ५-६ हजार वर्षांपूर्वीचं. पुढे १८२२ मधे याकोब ग्रिमने, हो तेच परीकथावाले भाऊ त्यातला थोरला, एक नियम नीट मांडला की लॅटिन-ग्रीकमधे जिथे ग आहे तिथे इंग्रजी-जर्मनच्या घराण्यात क होतो. आणि संस्कृतात त्यातल्या एका प्रकारच्या ग चा ज झालेला असतो. म्हणजे आपला ज, त्यांचा ग आणि इंग्रजीतला क, हे एकाच खुर्चीवर बसलेले तिघे.

हे कळलं की शब्द पटापटा ओळख द्यायला लागतात. आपलं जानु, ग्रीक गोनु, लॅटिन गेनु, इंग्रजी नी. योगाच्या क्लासला जानुशीर्षासन करताना डोकं ज्या गुडघ्याला लावता तोच हा इंग्रजी नी, आणि आजानुबाहू मधलाही तोच. ग्रीकांनी गुडघ्याच्या याच शब्दाच्या कुळातून कोपऱ्याला गोनिया म्हटलं, गुडघा वाकला की कोपराच होतो ना, त्यातून पेंटॅगॉन, पॉलिगॉन, डायगोनल आणि आपल्याला दहावीत छळणारी ट्रिगोनोमेट्री आली. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा भूमितीच्या पुस्तकात सगळीकडे गुडघे दिसायला लागले होते. तसंच आपलं जन, लॅटिन गेनुस, इंग्रजी किन म्हणजे नातलग. आणि ज्ञा, ग्रीक-लॅटिन ग्नो, इंग्रजी नो.

नकारात तर हे फारच सुंदर दिसतं. अज्ञात हा आपला शब्द, लॅटिनमधे इग्नोतुस, ग्रीकमधे अग्नोतोस, इंग्रजीत अननोन. चारही शब्दांत पुढे नाही म्हणणारा तुकडा आणि मागे तोच ज्ञा. इग्नोरंट म्हणजे अज्ञ, अक्षरशः. टी. एच. हक्स्ली या इंग्रज जीवशास्त्रज्ञाने १८६९ मधे ॲग्नॉस्टिक म्हणजे अज्ञेयवादी हा शब्द घडवला तो याच मुळावर. लॅटिनने सुद्धा पुढे शब्दाच्या सुरवातीचा ग टाकून दिला, म्हणून नोबल मधे तो नाही, पण नकार लावला की इग्नोबल मधे गुपचूप परत येतो, कारण पुढच्या इ चा टेकू मिळाला. क्न साठी आपण तोंडाने केला तोच प्रयोग.

पण इथे एक सावधगिरी हवी, अक्षरं सारखी म्हणजे घराणं एक असं अजिबात नाही. मागच्या वर्षी आईच्या मानेवर गाठ आली होती, रिपोर्टची वाट बघताना आम्ही घरात कुणी नीट जेवलो नव्हतो. कागद हातात आला, वर डायग्नोसिस लिहिलेलं आणि खाली एक शब्द, बिनाइन. साधी गाठ. डोळ्यात पाणी आलं, आणि मग रात्री झोप येईना तेव्हा मी ते दोन शब्द बघत बसलो, दोन्हीत जी-एन आहे. डायग्नोसिस मधला ज्ञा चा आहे, नीट पारखून जाणणे. बिनाइन मधला मात्र जन् चा, लॅटिन बेने म्हणजे चांगलं आणि पुढे जन्मणे, म्हणजे चांगल्या जन्माचं, सुजात म्हणा हवं तर. मॅलिग्नंट त्याच्या उलट, वाईट जातकुळीचं. प्रेग्नंट मधेही तोच जन्म आहे. आणि गंमत अशी की भाषेच्या अभ्यासात अशा एका पोटच्या शब्दांना कॉग्नेट म्हणतात, तो जन् वाला, सोबत जन्मलेले, आणि कॉग्निशन म्हणजे आकलन, तो ज्ञा वाला. पहिली चार अक्षरं तंतोतंत एक असून आया वेगळ्या.

गाठीवरून आठवलं, मराठीत दोरीची ती पण गाठ आणि अंगावरची ती पण गाठच. के-एन च्या घोळक्यात एक मोठा गट असाच आहे, नॉट, नॉब, नकल, टेकडीला नोल, पिठाचा गोळा मळायचा नीड, या सगळ्यांत काहीतरी गोळा, गुठळी, दाबून घट्ट झालेलं असं आहे. यांचा जाणण्याशी किंवा गुडघ्याशी संबंध लागत नाही, हे बहुतेक जर्मन-डच-इंग्रजी घराण्यातले आपसातले शब्द आहेत. आणि निकर्स तर पूर्ण वेगळंच, १८०९ मधे वॉशिंग्टन अर्विंग या अमेरिकन लेखकाने न्यूयॉर्कचा इतिहास निकरबॉकर या डच वळणाच्या खोट्या नावाने लिहिला, त्या नावावरून गुडघ्याशी बांधलेल्या ढगळ पँटींना निकरबॉकर्स म्हणायला लागले आणि ते आखूड होत निकर झालं, आपल्याकडे पोरांची हाफ पँट.

आता भाचीचा खरा प्रश्न, आपला ज्ञ. लिपीत हे ज् अधिक ञ आहे, म्हणजे मूळ उच्चार ज्ञ असा ज आणि ञ चिकटलेला. आज भारतात असा उच्चार फार थोड्या जणांच्या तोंडी आहे. हिंदीवाले ग्यान म्हणतात, गुजराती ग्नान म्हणतात, आपण द्न्यान. मराठीने काय केलं बघा, ज ची जागा जरा पुढे सरकवून न च्या शेजारी दातांपाशी आणली आणि द केला, म्हणजे जिभेची उडी वाचली. इंग्लंडात क्न चं त्न झालं होतं ते आणि हे एकाच जातीचं काम आहे, समुद्रापार, एकमेकांना न विचारता. वारीत मात्र ग्यानबा तुकाराम ऐकू येतं, तिथे लाखो मराठी माणसं ग्य म्हणतात आणि ते कानाला गोडच लागतं.

आणि सगळ्यात आवडलेली गोष्ट, इंग्रजांनी जे केलं, पहिला आवाज सोडून नुसता न ठेवला, ते आपल्या पूर्वजांनी त्यांच्या कितीतरी आधी करून ठेवलंय. पालीत ज्ञानला ञाण म्हणतात, जैनांच्या प्राकृतात नाण, नमो नाणस्स मधला. राज्ञीची राणी झाली. यज्ञोपवीताचं जानवं झालं. विज्ञापना करण्याचं विनवणं झालं, आणि आज्ञेची आण झाली, तुला माझी आण आहे म्हणतो ती. या चारही शब्दांत कुठेतरी एक गेलेला ज आहे. फरक एवढाच की इंग्रजांनी आवाज टाकला आणि अक्षर ठेवलं, आपण राणी लिहिताना दोन्ही टाकलं, आणि नंतर ज्ञान, आज्ञा हे शब्द परत संस्कृतातून जसेच्या तसे आणले तेव्हा अक्षर जुनं आणि उच्चार नवा असं झालं. (इथेही तीच सावधगिरी, राज्ञी मधला ज्ञ राजन् शब्द आक्रसून झालाय आणि यज्ञ मधला यज् धातूचा, त्यांचा जाणण्याशी संबंध नाही, आज्ञा आणि विज्ञापना मधला मात्र आहे.)

हे सगळं मी भाचीला एका बसणीत सांगितलं नाही, चार-पाच रविवार गेले. मधे तिने वर्गात क्नाइफ, क्नी असं म्हणून दाखवलं तर पोरांना ते एवढं आवडलं की दिवसभर सगळे क्नॉक क्नॉक करत होते.

टीचर अजून तिच्या नावातला डी खातात, सुरवात न्या ने करतात. बहिणीला ते खटकतं, दर वेळी दुरुस्त करते. मी तिला म्हटलं, करू दे गं, पालीत असंच म्हणायचे.